वकिलाचं ऑफिस कारकुनाच्या आठवणीवर किती दिवस चालवायचं?

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्यांची ऑफिसं पाहिली तर बहुतेक ठिकाणी सारखीच मांडणी दिसते. एक सिनिअर, एक-दोन ज्युनिअर, एक कारकून आणि जमलं तर टायपिंगला एखादी ताई. भिंतीला लागून गठ्ठे, टेबलावर यंदाची डायरी आणि तिच्याखाली गेल्या वर्षीची, कारण तिच्यातलं सगळं अजून पुरतं उतरवून झालेलं नसतं. हे ऑफिस चालतं आणि बऱ्यापैकी चालतं. एखाद्या दाव्याचं विचारलं की कारकून गठ्ठ्याला हातही न लावता सांगतो, "मोहोळचा ना? साक्षीला आहे. मागच्या तारखेला समोरच्यांनी मुदतीचा अर्ज दिला ओ."

पंचाईत होते ती हाच कारकून मुलीच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर जातो तेव्हा. गठ्ठा सापडतो, पण नक्कल अर्ज, म्हणजे कोर्टाच्या निकालाची प्रत मागणारा अर्ज, दिला होता की नाही हे कळत नाही. पक्षकाराकडून स्टॅम्पचे पैसे आले होते का, ते माहीत नसतं. सिनिअर आजारी पडले, ज्युनिअर सोडून गेला, तरी हेच. म्हणजे ऑफिसात पद्धत नाही असं मुळीच नाही. ती एका माणसाच्या डोक्यात आहे, एवढंच.

'मॅनेजमेंट सिस्टीम' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या काचेच्या ऑफिसातलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात गोष्ट साधी आहे. कोणतं काम कोण, कधी आणि कसं करणार हे ठरवायचं. ठरलेलं लिहून काढायचं. लिहिल्याप्रमाणे होतंय का ते अधूनमधून तपासायचं. होत नसेल तर एकतर सवय बदलायची, नाहीतर लिहिलेलं बदलायचं. सोलापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. जॅकार्डच्या मागावर चादरीची नक्षी छिद्रं पाडलेल्या पत्त्यांमध्ये असते, म्हणून मागावर दिवसपाळीचा कामगार असो की रात्रपाळीचा, चादरीवर फूल तेच उतरतं. ऑफिसचे असे पत्ते तयार करायचे आहेत.

जगात यासाठी तयार चौकटी आहेत. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं प्रमाणक १९८७ मध्ये आलं. त्याची २०१५ ची आवृत्ती कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत, लहान-मोठ्या कुठल्याही संस्थेला लावता येते. इंग्लंड आणि वेल्सच्या लॉ सोसायटीने १९९८ मध्ये खास वकिलांच्या ऑफिसांसाठी 'लेक्सेल' नावाचं प्रमाणक काढलं. फाइल कशी उघडायची, जोखीम कशी ओळखायची, पक्षकाराला काय आणि कधी कळवायचं, असल्या गोष्टी त्यात येतात.

मला यातलं सगळ्यांत शिकण्यासारखं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचं वाटतं. तिथे २००१ पासून वकिलांना कंपनी काढून वकिली करायची मुभा मिळाली. अट अशी की ऑफिसात 'योग्य व्यवस्थापन पद्धत' हवी. योग्य म्हणजे नेमकी कशी, हे कायद्याने सांगितलंच नव्हतं. मग तिथल्या नियामकाने दहा उद्दिष्टं काढली: निष्काळजीपणा टाळणं, पक्षकाराशी वेळेवर बोलणं, विलंब टाळणं, फीबाबत स्पष्टता, हितसंबंधांचा संघर्ष वेळीच ओळखणं, नोंदी, हाताखालच्या माणसांवर देखरेख, पक्षकाराच्या पैशांचा हिशेब वगैरे. प्रत्येक ऑफिसने या दहा मुद्द्यांवर स्वतःच स्वतःला तपासायचं होतं. २०१० मध्ये क्रिस्टीन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. अशी पहिली स्व-तपासणी केल्यानंतर त्या ऑफिसांविरुद्धच्या तक्रारींचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटलं होतं. गंमत पुढेच आहे. कोणी स्वतःला किती गुण दिले, याचा तक्रारींशी फारसा संबंध दिसला नाही. कामाला आलं ते एकदा बसून 'आपल्याकडे हे कसं होतं बुवा?' असं विचारणं आणि त्या निमित्ताने झालेले बदल.

म्हणून चार माणसांच्या ऑफिसला माझा सल्ला असा की प्रमाणपत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि प्रश्न विचारायला बसा. पहिला प्रश्न मुदतीचा. बाकीच्या चुका बहुतेक वेळा निस्तरता येतात. हुकलेली मुदत निस्तरणं महाग पडतं, आणि काही मुदती निस्तरता येतच नाहीत.

तारीख ॲपमध्ये दिसते, मुदत दिसत नाही

ई-कोर्ट्सचं ॲप आता जवळजवळ प्रत्येक वकिलाच्या फोनमध्ये आहे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी-आकडी सीएनआर नंबर असतो. तो एकदा टाकून प्रकरण 'माय केसेस'मध्ये ठेवलं की पुढची तारीख, कुठल्या टप्प्यावर आहे, झालेले हुकूम, सगळं दिसतं. फुकट आहे, उपयोगाचं आहे, वापरलंच पाहिजे. पण त्यामुळे एक गोड गैरसमज झाला आहे की आता तारखा सांभाळायची कटकट संपली.

कोर्टाने दिलेली पुढची तारीख ॲपला ठाऊक असते. कायद्याने आपल्यामागे लावलेलं घड्याळ त्याला ठाऊक नसतं. पक्षकाराला समन्स कुठल्या दिवशी बजावलं गेलं आणि कैफियतीचे, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे, तीस दिवस कधी भरतात, हे ॲप सांगणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे ते तीस दिवस कोर्ट कारणं नोंदवून नव्वदपर्यंत वाढवू शकतं. व्यापारी दाव्यात मात्र एकशेविसाव्या दिवशी दार बंद होतं. आणि जे प्रकरण अजून दाखलच झालेलं नाही, त्याला तर सीएनआरही नसतो. त्याची मुदत फक्त आपल्या ऑफिसात मोजली जाणार, किंवा कुठेच नाही.

चेकच्या प्रकरणाचं उदाहरण घेऊ, कारण सोलापुरात व्यापाऱ्याच्या वकिलाकडे कलम एकशे अडतीसची, म्हणजे चेक न वटल्याची, दोन-चार प्रकरणं कायम असतातच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्याला परगावच्या व्यापाऱ्याने दिलेला चेक परत आला, असं समजा. बँकेकडून त्याला हे ३ जूनला कळलं. तिथून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची, म्हणजे ३ जुलैपर्यंत. समजा नोटीस २० जूनला टाकली आणि समोरच्याला २५ जूनला मिळाली. त्याला पैसे द्यायला पंधरा दिवस आहेत. ते १० जुलैला संपतात. ११ जुलैला तक्रारीचं कारण निर्माण होतं आणि तिथून एक महिना, म्हणजे ११ ऑगस्टपर्यंत, फिर्याद दाखल झाली पाहिजे. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घ्यायची सोय कायद्यात आहे. नोटिशीचे तीस दिवस हुकले तर ती सोय नाही.

यात चार वेगवेगळे दिवस आहेत आणि त्यातले दोन आपल्या हातात नाहीत. बँकेकडून कधी कळलं हे पक्षकार सांगणार, नोटीस कधी पोचली हे पोस्ट सांगणार. पक्षकार बऱ्याचदा बँकेचा मेमो घेऊन येतो तोच वीस-बावीस दिवसांनी. आधी समोरच्याला फोनाफोनी करून पाहिलेली असते. "देतो म्हणाला होता ओ साहेब, म्हणून थांबलो." अशा वेळी डायरीत '३ जुलै – नोटीस' एवढंच लिहिलं तर ते ३ जुलैच्या सकाळी दिसेल, आणि त्या दिवशी नेमकी लाईट गेलेली असेल.

म्हणून मुदतीची वही वेगळी हवी. डायरी ती डायरी, मुदतवही ती मुदतवही. तिच्यात रकाने थोडेच: काय घडलं, कोणत्या दिवशी घडलं आणि त्याचा पुरावा काय, कायद्याची शेवटची तारीख, ऑफिसची शेवटची तारीख, कोण करणार, झालं का. ऑफिसची शेवटची तारीख कायद्याच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधीची. आणि एक नियम जरा जाचक वाटला तरी पाळायचा: मुदत दोघांनी स्वतंत्रपणे मोजायची. ज्युनिअरने मोजली, सिनिअरने मोजली, दोन्ही जुळल्या की दोघांच्या सह्या. जुळल्या नाहीत तर लगेच पुस्तक उघडायचं. असं वाद घालत बसण्यात दहा मिनिटं गेली तर जाऊ द्यावीत.

नक्कल अर्जाची नोंदही याच वहीत. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला तीस दिवस, उच्च न्यायालयातल्या अपिलाला नव्वद, हे सगळ्यांना पाठ असतं. मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळायला लागलेला वेळ वजा होतो, हेही पाठ असतं. पण वजा होतो तो अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा. अर्ज द्यायला लावलेले दिवस आपल्या खात्यावर, आणि तयार झालेली नक्कल उचलायला लावलेले दिवसही आपल्याच खात्यावर. म्हणून निकालाच्या दिवशी, कोर्टातून खाली उतरायच्या आधी नक्कल अर्ज. अर्जाचा नंबर, दिल्याची तारीख, तयार झाल्याची तारीख, हातात आल्याची तारीख, चारही वहीत.

आता जरा वेगळी मुदत. सोलापूर जिल्ह्यातले जमिनीचे दावे वर्षानुवर्षं चालतात आणि पक्षकार म्हातारे असतात. करमाळ्याच्या एखाद्या गावात प्रतिवादी नंबर चार वारतो. तेराव्याला सगळं गाव असतं, पण वकिलाला कळवायचं कोणाच्या मनात येत नाही. मृताचे वारस रेकॉर्डवर घ्यायला नव्वद दिवस असतात. ते गेले की त्याच्यापुरता दावा ॲबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो, आणि तो हुकूम बाजूला ठेवायला आणखी साठ दिवस. त्यानंतर उशीर माफीचा अर्ज, म्हणजे आणखी वर्षभराचं काम. यावर उपाय कायद्याच्या पुस्तकात नाही, ऑफिसच्या सवयीत आहे. फाइल उघडताना पक्षकाराचे दोन फोन नंबर घ्यायचे, एक त्याचा आणि एक घरातल्या तरण्या माणसाचा. आणि प्रत्येक तारखेआधीच्या फोनवर एक ठरलेला प्रश्न विचारायचा: दाव्यातलं कोणी गेलं आहे का? ऐकायला बरं वाटत नाही खरं. गावाकडची माणसं मात्र याला रागवत नाहीत.

फाइलचं पहिलं पान

गठ्ठा उघडल्यावर सगळ्यांत वर वकीलपत्र नको, एक पान हवं. दावा नंबर, सीएनआर, कोर्ट, पक्षकार आणि फोन, समोरचे वकील, आणि मग पाच-सात ओळींत प्रकरण काय आहे ते. त्याखाली तक्ता: आजची तारीख, काय झालं, पुढची तारीख, पुढच्या तारखेला काय आहे, त्याची तयारी कोण करणार. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच रिकामा राहतो. डायरीत 'निशाणी ५ वर युक्तिवाद' असं लिहिलेलं असतं. पण मनाई अर्जावरच्या त्या युक्तिवादासाठी सातबाऱ्याचे जुने उतारे काढायचे होते, ते कोणी काढायचे होते हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग आदल्या रात्री फोन सुरू होतात.

या पानाचा एक नवा उपयोगही झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. अपिलाची कागदपत्रं आता मुंबईऐवजी कोल्हापूरला जातात, कित्येकदा आपल्या ओळखीच्याच वकिलाकडे. त्यांना गठ्ठा पाठवून 'बघा जरा' म्हणण्यापेक्षा पहिलं पान, निशाण्यांची यादी आणि मुदतवहीतली ओळ पाठवली तर त्यांचा दिवस वाचतो.

नावांची यादी, आणि गट नंबरांचीही

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट आहे की एखाद्या प्रकरणात ज्या वकिलाने एका बाजूला सल्ला दिला, मसुदा केला किंवा काम पाहिलं, त्याने त्यात विरुद्ध बाजूने उभं राहू नये. मोठ्या शहरात याची तपासणी संगणक करतो. सोलापुरात 'मला आठवतंय ना' यावर चालतं. आठवणीची मर्यादा अशी की वाटणीच्या दाव्यात थोरला भाऊ सहा वर्षांपूर्वी फक्त तासभर सल्ला घेऊन गेलेला असतो, फाइलच झालेली नसते, आणि आज धाकटा दारात उभा असतो.

यावर साधी यादी पुरते. फक्त पक्षकारांची नव्हे, समोरच्यांची आणि नुसता सल्ला घेऊन गेलेल्यांचीही. आपल्याकडे त्यात एक खास अडचण आहे. नावं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार वळणांची, आणि इंग्रजीत लिहिताना एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं होतात. आधार कार्डावर एक, सातबाऱ्यावर दुसरं, आणि गावात हाक मारायचं नाव तिसरंच. म्हणून यादी देवनागरीत ठेवावी, आणि जमिनीच्या प्रकरणात नावाशेजारी गाव आणि गट नंबर लिहावा. माणसाचं नाव फसवतं, गट नंबर सहसा फसवत नाही. त्याच गटाचं जुनं प्रकरण निघालं तर हितसंबंधांचा संघर्षही कळतो आणि कधी कधी आयता पुरावाही सापडतो.

पैशांबद्दल फार लांबण लावत नाही. बार कौन्सिलचे नियम इथेही नेमके आहेत: पक्षकाराने दिलेल्या पैशांचा हिशेब ठेवायचा, आलेली रक्कम फीची की खर्चाची ते नोंदवायचं, प्रकरण चालू असताना खर्चासाठी दिलेले पैसे पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय फीत वळवायचे नाहीत, आणि पक्षकाराने मागितली तर हिशेबाची प्रत द्यायची. व्यवहारात याचा अर्थ एक पावती पुस्तक आणि प्रत्येक फाइलमागे हिशेबाचं एक पान. स्टॅम्प, टायपिंग, नक्कल, बेलिफाचा प्रवास हे एका बाजूला आणि फी दुसऱ्या बाजूला. फी किती आणि कुठपर्यंतच्या कामाची, हेही पहिल्या भेटीतच कागदावर. अपील वेगळं, दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) वेगळी. आपल्याकडे हे बोलायला संकोच वाटतो. पुढे होणाऱ्या भांडणाचा मात्र कोणाला वाटत नाही.

खरी अडचण माणसांची

वह्या आणि तक्ते दोन दिवसांत तयार होतात. त्या वापरल्या का जात नाहीत, हे समजायला जरा कारकुनाच्या जागी बसून पाहावं लागतं. पंचवीस वर्षांत त्याने जे मिळवलं ते हेच: कुठल्या टेबलावर कुठला अर्ज जातो, फाइलिंगला काय काढून परत देतात, दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या गावात समन्स बजावायचं तर पत्त्यात वस्तीचं नाव कसं घालायचं. हे सगळं वहीत उतरलं की त्याला साहजिकच वाटतं, "सगळं लिहून दिलं तर माझं काय काम राहिलं साहेब?" हा प्रश्न तो तोंडाने विचारत नाही. तो फक्त वही भरायचं विसरतो.

त्याला 'उद्यापासून हे भरायचं' असा हुकूम सोडून काही होत नाही. चालतं ते असं: ज्युनिअरने संध्याकाळी त्याच्याशेजारी बसायचं आणि एका वेळी एकच काम विचारून लिहून घ्यायचं. आज नक्कल अर्ज, उद्या दरखास्तीचं फाइलिंग, परवा समन्स. लिहून झालं की त्यालाच वाचून दाखवायचं आणि दुरुस्त्या त्यानेच सांगायच्या. पानाच्या खाली नाव त्याचं. पुढे नवा पोरगा आला की त्याला शिकवायचं काम याच्याकडे. पगारात थोडी वाढ केली तर आणखी बरं, नुसत्या मानाने घर चालत नाही. यातून लिहिलेलं कोर्टातल्या व्यवहाराशी जुळतं, एरवी सिनिअरने केबिनमध्ये बसून लिहिलेली पद्धत पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडते.

दुसरी अडचण खुद्द सिनिअरची, आणि ती सांगायला कोणी धजत नाही. कोर्टाच्या जिन्यात पक्षकार भेटतो, साहेब कोऱ्या कागदावर काहीतरी लिहून खिशात टाकतात, तो कागद कोटाबरोबर घरी जातो. ज्युनिअरला नियम आणि साहेबांना सूट असं चाललं की महिनाभरात कोणीच काही पाळत नाही. म्हणून नियम कमी करावेत, पण ते सगळ्यांना लागू असावेत. सिनिअरला वही भरायचा खरोखरच कंटाळा असेल तर त्यांनी फोनवर आवाज रेकॉर्ड करून ज्युनिअरला पाठवावा आणि त्याने उतरवून घ्यावं. पद्धत माणसाच्या अंगाला बसेल अशी बेतता येते.

पक्षकारांच्या फोनचं तसंच. "साहेब, काय झालं आज?" हा फोन दिवसातून दहा वेळा येतो आणि सगळ्यांना त्याचा वैताग असतो. पण तो फोन येतो कारण आपण आधी कळवलेलं नसतं. तारखेच्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत प्रत्येक पक्षकाराला तीन वाक्यांचा निरोप गेला, की आज काय झालं, पुढची तारीख कोणती, त्या दिवशी तुम्ही यायचं की नाही, तर यातले बरेच फोन बंद होतात. पूर्व भागातल्या विणकर आजीला लेखी मराठी निरोपापेक्षा तेलुगूतला आवाजी निरोप जास्त कळतो, अक्कलकोटच्या शेतकऱ्याला कन्नडमधला. ऑफिसात ती भाषा बोलणारं कोणी असेल तर हे काम त्याच्याकडे. निरोप गेला याची खूण पहिल्या पानावर.

मग शनिवारची बैठक. अर्धा तास, चहासकट. पुढच्या आठवड्याचं बोर्ड, म्हणजे लागलेल्या प्रकरणांची यादी, वाचायचं, मुदतवहीतल्या पुढच्या महिन्याच्या ओळी मोठ्याने वाचायच्या, आणि या आठवड्यात काय चुकलं ते एका वेगळ्या वहीत लिहायचं. शेवटच्या कामात एक पथ्य आहे: काय चुकलं आणि का चुकलं ते लिहायचं, कोणाचं चुकलं ते नाही. 'शपथपत्रावर फोटो लावायचा राहिला, कारण पक्षकार फोटो आणायला विसरला, कारण त्याला आधी सांगितलंच नव्हतं.' एवढ्यावरून पक्षकाराला पाठवायच्या निरोपात एक ओळ वाढते आणि ती चूक थांबते. नावं लिहायला लागलात की दुसऱ्या शनिवारपासून ऑफिसात कोणाचीच काही चूक होत नाही, आणि ती वही निरुपयोगी होते.

सॉफ्टवेअरचं काय, असा प्रश्न एव्हाना तुमच्या मनात आला असेल. घ्या, पण शेवटी. कागदावरची पद्धत तीन-चार महिने चालली की आपल्याला काय हवं ते कळतं. त्याआधी विकत घेतलं तर विकणाऱ्याला जे हवं ते मिळतं. बऱ्याच ऑफिसांना एक्सेलच्या दोन शीट पुरतात, एक प्रकरणांची आणि एक मुदतींची. सॉफ्टवेअर घेतलंच तर आधी दोनच गोष्टी विचारा: आमचा सगळा डेटा एका बटणावर बाहेर काढता येतो का, आणि उद्या तुम्ही धंदा बंद केला तर तो आम्हाला कसा मिळणार? व्हॉट्सॲपवर आलेली कागदपत्रं त्याच दिवशी त्या प्रकरणाच्या फोल्डरमध्ये उतरवायची आणि ऑफिसच्या सार्वजनिक ग्रुपवर पक्षकाराचे कागद टाकायचे नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ ने वकील आणि पक्षकार यांच्यातल्या गोष्टींना दिलेलं गोपनीयतेचं संरक्षण पक्षकाराचं आहे. ते ग्रुपवरच्या एका फॉरवर्डने घालवायचा अधिकार आपल्याला नाही.

फाइल बंद करणं हे सगळ्यांत दुर्लक्षित काम. निकाल लागतो, नक्कल दिली जाते आणि गठ्ठा माळ्यावर जातो. आत मूळ खरेदीखत तसंच असतं, आणि दहा वर्षांनी पक्षकाराचा मुलगा ते शोधत येतो. बंद करताना मूळ कागद परत द्यायचे, यादीवर सही घ्यायची, अपिलाची मुदत लेखी कळवायची, हिशेब मिटवायचा, आणि गठ्ठा किती वर्षं ठेवणार ते वर लिहायचं. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून धरायची सवय काही ठिकाणी अजून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगून टाकलं आहे की फीसाठी पक्षकाराची फाइल रोखून धरायचा हक्क वकिलाला नाही. बाकी वसुलीचा मार्ग वेगळा.

राहिलं प्रमाणपत्र. आयएसओ ही संस्था स्वतः कोणाला प्रमाणपत्र देत नाही, ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात आणि त्यासाठी दरवर्षी पैसे मोजावे लागतात. कारखानदार ते गेटवर लावतो, निविदेत दाखवतो. वकिलाला ते करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाने जाहिरात करायची नाही आणि पाटीवर काय लिहायचं, यावरही बंधनं आहेत. बँक किंवा विमा कंपनीच्या पॅनलसाठी कोणी मागितलंच तर गोष्ट वेगळी. एरवी ते पैसे कारकुनाच्या पगारात घालावेत.

तपासणी मात्र बाहेरच्याची वाट न बघता आपणच करायची, दर तीन महिन्यांनी. माळ्यावरून, कपाटातून, टेबलावरून हाताला लागतील ते पाच गठ्ठे काढायचे. ज्या ज्युनिअरकडे ते प्रकरण नाही त्याच्या हातात द्यायचे आणि कोणालाही न विचारता सांगायला लावायचं: प्रकरण काय आहे, पुढची मुदत कोणती, ती कोण सांभाळतंय, पक्षकाराला शेवटचं कधी कळवलं, पैसे किती आले आणि कशाचे. पहिल्या खेपेला पाचपैकी एखादाच गठ्ठा पास झाला तर दचकायचं कारण नाही. जे प्रश्न अडले ते शनिवारच्या वहीत लिहायचे आणि पुढच्या तिमाहीत त्यातले दोनच हाती घ्यायचे.